वाण्याच्या गाळ्याला नव्या इमारतीतही जागा द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि पुनर्विकास समितीचे सदस्य,
तसेच सोसायटीचे सर्व सभासद,
डोंबिवली (पूर्व)

विषय: तळमजल्यावरचा किराणा दुकानाचा गाळा नव्या आराखड्यात कायम ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागच्या सभेत आर्किटेक्टनी नव्या इमारतीचा प्राथमिक आराखडा पडद्यावर दाखवला. प्रत्येकाने आपला कार्पेट एरिया, पार्किंग, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून सभासदांना मिळणारी रक्कम, यांबद्दल विचारलं. मीही विचारलं. रस्त्याच्या बाजूला उंच काचांची मोठी दुकानं, मागे पोडियम, वर जिम आणि मुलांसाठी रबरी फरशीची खेळायची जागा. सगळं देखणं आहे. पण गल्लीच्या तोंडाशी, ए विंगच्या जिन्याला लागून वाण्याचा जो गाळा आहे, तो त्या आराखड्यात कुठेच नव्हता. आणि त्याबद्दल सभागृहात एकही प्रश्न आला नाही.

तो येणार तरी कसा? गाळा सोसायटीच्या मालकीचा आणि दुकानदार आपला भाडेकरू. तो सभासद नसल्यामुळे सभेला बसत नाही, हात वर करत नाही. त्या दुकानाची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे ती मुलंही सभासद नसतात. म्हणून या दोघांच्या वतीने मी हे लिहिते आहे. मी याच इमारतीत वाढले, लग्नानंतर काही वर्षांनी इथेच परत आले आणि माझा मुलगाही इथेच मोठा झाला.

आपल्यातल्या नव्या सभासदांना १९८० च्या दशकातली ही गल्ली ठाऊक नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आपल्या इमारतीतल्या बऱ्याचशा आया तेव्हा नोकरीला होत्या. कुणी मंत्रालयात, कुणी बँकेत, कुणी टेलिफोन खात्यात. सकाळची फास्ट पकडायची आणि संध्याकाळी सातनंतर, हातात भाजीची पिशवी घेऊन, स्टेशनवरून चालत यायचं. आम्ही मुलं शाळेतून दुपारी घरी यायचो, तेव्हा घराला कुलूप असायचं. किल्ली वाण्याकडे. गल्ल्याच्या मागच्या फळीवर खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एका घराची किल्ली. कुणाच्या किल्लीला लाल दोरा, कुणाच्या किल्लीला देवीचा बिल्ला, आमच्या किल्लीला आईच्या जुन्या परकराची नाडी. वाणीकाका, आमचे नुसते काका, न विचारता बरोबर किल्ली काढून द्यायचे आणि द्यायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारायचे: "डबा खाल्लास का?"

डबा खाल्ला नसेल तर बरणीकडे बघायलाही मिळायचं नाही.

बरण्या फळीवर तिरप्या ठेवलेल्या असायच्या, पत्र्याची झाकणं आमच्या बाजूला. आमच्या नाकाच्या उंचीला पहिली रांग यायची. संत्र्याच्या फोडीसारख्या लिमलेटच्या गोळ्या, त्यांच्यावरची साखर बोटांना चिकटायची. श्रीखंडाच्या गोळ्या, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, जिरागोळी, पेपरमिंट. शेजारी पॉपिन्सची नळकांडी आणि किस्मीचे चपटे टॉफीबार. वरच्या फळीवर राजगिऱ्याच्या वड्या आणि शेंगदाण्याची चिक्की. पिवळ्या बॉबी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत लटकलेल्या. त्या घेतल्या की दहाही बोटांत घालायच्या आणि मग एकेक कुरतडत खायच्या. यात दहाव्या बोटापर्यंत कोण टिकतं, हा आमच्या जिन्यातला मोठा सामना होता. हिवाळ्यात चन्यामन्या बोरं यायची. बोरकूट कागदाच्या इवल्याशा पुडीत मिळायचं आणि ते जिभेने चाटून संपवायचं, मग ओठांच्या कडेला तपकिरी रेघ राहायची. आई घरी आल्या आल्या ती रेघ बघून विचारायची, "आज किती?"

किती म्हणजे किती पैसे. हा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण वाण्याकडे आमची दोन वेगळी खाती चालायची. एक घरची वही. आई तांदूळ, साखर, रॉकेलच्या दिव्याची वात असं काही सांगायची, आम्ही वही घेऊन जायचो, काका त्यात लिहायचे आणि त्यांच्या लाल चोपडीतही लिहायचे. पगार झाला की बाबा हिशोब चुकता करायचे. दुसरं खातं रोकड्याचं, आणि ते फक्त आमचं. दहा पैशांचं कातरलेल्या कडेचं ॲल्युमिनियमचं नाणं, वीस पैशांचं षटकोनी, चार आणे, आठ आणे. एवढ्यातच आमचं जग बसलेलं होतं. गोळ्या नेहमी रोकड्याने. "वहीत लिहा" असं म्हणून कुणी चॉकलेट मागितलं तर काका वही बंद करून परत द्यायचे आणि म्हणायचे, "आईला सांगून ये, मग लिहितो." आमच्या जिन्यातल्या कुठल्याही मुलाच्या नावावर घरच्यांना माहीत नसलेली एक गोळीसुद्धा त्या चोपडीत कधी चढली नाही. त्या माणसावर आईचा जो विश्वास होता, तो याच्यावर उभा होता.

आणि रोकड्याचं नाणं हातात असलं की काका आम्हाला गिऱ्हाईक म्हणून वागवायचे. हे मला फार मोलाचं वाटतं. समोर शेजारच्या वहिनी पाच किलो तुरडाळ घ्यायला उभ्या असल्या, तरी आमचा नंबर आधी असेल तर आमच्या चार आण्यांचा सौदा आधी व्हायचा. आम्ही विचार करायला वेळ घ्यायचो. चार आण्यांत दोन लिमलेट आणि एक जिरागोळी, की नुसतं बोरकूट? बोरकूट घेतलं तर धाकट्या भावाला अर्धं द्यावं लागेल, गोळ्या घेतल्या तर मोजून देता येतील. काका घाई करायचे नाहीत. हात बरणीवर ठेवून थांबायचे. घरात, शाळेत, नातेवाइकांत, सगळीकडे आमच्यासाठी दुसरं कुणीतरी ठरवत होतं. दिवसभरात फक्त त्या फळीसमोर निर्णय आमचा असायचा, आणि चुकीचा ठरला तरी तो आमचाच असायचा.

सभासदहो, आज ही जागा मुलांसाठी कुठे आहे, हे मला समितीने सांगावं.

दहा मिनिटांत घरपोच सामान मागवण्याची सोय आपण सगळेच वापरतो, मीही वापरते. पण ती सोय मोठ्यांची आहे. तिथे गिऱ्हाईक व्हायला फोन लागतो, बँकेचं खातं लागतं, ओटीपी लागतो. सात-आठ वर्षांचं मूल त्या दुकानात शिरूच शकत नाही. ते आईच्या खांद्यावरून पडद्याकडे बघतं आणि मागतं. मॉलमध्ये जायला रिक्षा लागते, सोबत मोठं माणूस लागतं. नव्या आराखड्यातली रस्त्याकडची मोठी दुकानं मुख्य रस्त्यावर उघडतात. तिथे पोचायला मुलाला गाड्यांची रांग असलेलं फाटक ओलांडून वाहत्या रस्त्याच्या कडेने जावं लागेल. कुठली आई एकट्याला पाठवेल? आपल्या आवारात उघडणारं, ओळखीच्या माणसाचं, नाणं चालणारं दुकान एवढंच एक दुकान असं आहे, जिथे लहान मूल एकटं जाऊन एकटं परत येऊ शकतं.

नाण्यांचं म्हणाल तर २०११ च्या ३० जूनला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. पुढे यूपीआय आलं आणि सुट्ट्या पैशांच्या बदल्यात हातावर ठेवली जाणारी गोळीही गेली. आता काकांच्या मुलाने गल्ल्याशेजारी क्यूआर कोड लावला आहे. तरीही मी आजच्या आज समितीतल्या कुणालाही तिथे घेऊन जायला तयार आहे. संध्याकाळी पाच ते सहा या वेळात या. सी विंगमधली मुलं पाच आणि दहा रुपयांची नाणी मुठीत घट्ट धरून येतात. काउंटरवर हात टेकून टाचा वर करतात. बरण्या आता प्लास्टिकच्या आहेत, पाकिटं जास्त आहेत, पण विचार करायला लागणारा वेळ तेवढाच आहे आणि हा मुलगाही त्याच्या वडिलांसारखाच थांबतो.

काहीजण म्हणतील, चवी तर अजून मिळतातच, त्यासाठी दुकान कशाला. खरं आहे, चवी टिकतात. मालेगावजवळच्या रावळगावचं उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद यांनी तिथल्या माळावर ऊस आणि साखरेचा उद्योग उभा केला, १९३३ साली कंपनी झाली, पुढे तिथेच गोळ्या बनू लागल्या आणि पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक या नावांनी महाराष्ट्रातल्या वाण्यावाण्याच्या बरणीत पोचल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ती नावं आणि त्यांच्या पाककृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीने घेतल्या. म्हणजे गोळी कशी बनते हे कागदावर लिहून विकता येतं, विकत घेता येतं, उद्या नव्या वेष्टनात परत बाजारात आणता येतं. खिळ्यांवरच्या किल्ल्या, "डबा खाल्लास का" हा प्रश्न, वही बंद करणारा हात, यांची कुठलीही पाककृती नाही. तो गाळा एकदा गेला की तो परत विकत घेण्याची सोय नाही. माझ्या जिभेवरची आठवण जपण्यासाठी मी गाळा मागत नाही. मुलांवर नजर ठेवणारा आणि त्यांना माणूस म्हणून ओळखणारा एक प्रौढ माणूस त्यांच्या वाटेवर रोज असावा, यासाठी मागते आहे.

ही नजर काय करते, हे मी २६ जुलै २००५ ला पाहिलं. आपल्यापैकी जे तेव्हा होते त्यांना ती रात्र आठवते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, फोन लागेनात. मी फोर्टमधल्या ऑफिसात अडकले, माझे यजमान घाटकोपरला. आमचा मुलगा तेव्हा पहिलीत होता आणि त्याला सांभाळणाऱ्या बाई त्या दिवशी पोचूच शकल्या नव्हत्या. शाळेच्या रिक्षाने त्याला नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी सोडलं. रिक्षावाल्यालाही माहीत होतं की त्या तोंडाशी दुकान आहे. काकांनी त्याला आत घेतलं. तेलाच्या डब्यावर गोणपाट घालून बसवलं, त्यांच्या घरातून आलेली खिचडी खाऊ घातली, आणि वीज गेल्यावर मेणबत्ती लावून त्याच्याकडून सुटी नाणी मोजून घेतली, म्हणजे तो रडणार नाही. रात्री ते त्याला शेजारच्या आजींच्या घरी पोचवून आले. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. मुलाने मला पहिली गोष्ट सांगितली ती ही की, गल्ल्यात आठ आण्यांची नाणी सगळ्यात जास्त आहेत.

त्या मेणबत्तीचे पैसे मी द्यायला गेले, तर काकांनी ते घेतले नाहीत. पुढे २०२० च्या टाळेबंदीत वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे सामानाच्या पिशव्या दोरीने वर चढत होत्या. त्या पिशव्या खाली कोण भरत होतं, हे मी सांगायला नको.

आता दोन आक्षेपांबद्दल. पहिला आक्षेप आरोग्याचा, आणि तो मला मनापासून पटतो. आमच्या वेळची रंगीत गोळी काही औषध नव्हती आणि आजच्या लोंबणाऱ्या पाकिटांच्या माळा तर मुलांच्या डोळ्यांसमोरच टांगलेल्या असतात. त्यात मीठ, तेल, साखर भरमसाट. शाळेच्या कँटीनमध्ये आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असले पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला तो उगाच नव्हे. पण आपला गाळा आपल्या मालकीचा आहे, म्हणून तर आपल्याला अटी घालता येतात! भाडेकरारातच लिहू या: तंबाखू, सिगारेट, गुटखा यांपैकी काहीही नाही. पाकिटं मागच्या फळीवर. पुढच्या फळीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या, फुटाणे, खारे शेंगदाणे, आवळ्याच्या फोडी, मोसमात बोरं. रस्त्यावरच्या मोठ्या दुकानाला आपण असं काही सांगू शकणार नाही. मी हे काकांच्या मुलाशी बोलले आहे आणि त्याची तयारी आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. तेवढी जागा विक्रीच्या क्षेत्रात गेली तर बिल्डर थोडा जास्त कॉर्पस देईल. देईलही. माझी विनंती एवढीच की, ही रक्कम सगळ्या सभासदांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला नेमकी किती येते, याचा हिशोब समितीने पीएमसीकडून, म्हणजे आपल्या प्रकल्प सल्लागाराकडून, लेखी घ्यावा आणि सभेपुढे ठेवावा. आकडा समोर आला की आपण काय विकतो आहोत आणि कितीला, हे प्रत्येकाला आपल्या मनाशी ठरवता येईल. मला खात्री आहे की या इमारतीत वाढलेला एकही माणूस त्या आकड्यावर सही करणार नाही.

बांधकामाची वर्षं हा खरा अवघड प्रश्न आहे. आपण सगळे भाड्याच्या घरांत पांगणार, गिऱ्हाईक तुटणार. घरं गेलेल्यांना बिल्डर भाडं देतो, पण या भाडेकरूला काहीच मिळत नाही. तेव्हा करारात त्याच्यासाठीही मासिक रक्कम किंवा जवळपास पर्यायी टपरीएवढी जागा लिहून घ्यावी. काकांचा नातू आयटीत आहे, तो दुकानात बसणार नाही, हेही मला ठाऊक आहे. पुढे मागे या कुटुंबाने दुकान सोडलं, तर गाळा एखाद्या महिला बचत गटाला द्यावा, पण किराण्यासाठीच द्यावा. बँकेच्या एटीएमला, इस्टेट एजंटला किंवा कुरिअरच्या गोदामाला तो देऊ नये.

माझी मागणी मोठी नाही. साधारण दीडशे चौरस फुटांचा गाळा, मालकी सोसायटीची, तोंड आवाराच्या आतल्या बाजूला आणि शक्य तर एक खिडकी गल्लीकडे, म्हणजे शेजारच्या चाळीतल्या मुलांनाही फाटक ओलांडावं लागणार नाही. भाडं एवढं की मेन्टेनन्स आणि मालमत्ता कर निघावा. आणि आर्किटेक्टना एक विशेष सूचना द्यावी: काउंटरचा एक भाग मुद्दाम खाली ठेवा, पहिलीतल्या मुलाला टाचा वर न करता नाणं ठेवता येईल एवढा.

पुनर्विकासासाठी शासनाने ४ जुलै २०१९ च्या निर्णयात जी कार्यपद्धती घालून दिली आहे, तिच्यात सभासदांनी लेखी सूचना द्यायच्या असतात. हे पत्र माझी लेखी सूचना म्हणून नोंदवून घ्यावं आणि पोच द्यावी. टेंडर काढण्यापूर्वीच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय स्वतंत्रपणे यावा, "आयत्या वेळचे विषय" यात ढकलला जाऊ नये. ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. ज्या सभासदांना तो पटेल त्यांनी सभेच्या आधी कोणत्याही संध्याकाळी दुकानावर येऊन सही करावी. कागद गल्ल्याशेजारी ठेवला आहे.

आपली,
बी विंगमधील एक सभासद